कोर्ट व्हिसा देत नाही, ताई

पत्र : मुलगी एम.कॉम. आहे, चाकणला एका लॉजिस्टिक्स कंपनीत दोन वर्षं नोकरी करते. कॅनडात ऑन्टारिओमधल्या एका कॉलेजात सप्लाय चेन मॅनेजमेंटच्या डिप्लोम्याला तिला प्रवेश मिळाला. ह्यांनी आणि दिरांनी मिळून भोरकडची वडिलोपार्जित जमीन विकली. पैसे ह्यांच्या खात्यात आले, त्यातला निम्मा हिस्सा दिरांना दिला, उरलेल्यातून फी भरली. खरेदीखताची झेरॉक्स आणि बँकेचं स्टेटमेंट अर्जाला लावलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी स्टडी परमिट नाकारल्याचं पत्र आलं. कारणं दोनच : पैशांच्या कागदपत्रांनी समाधान झालं नाही, आणि येण्याचा उद्देश पटला नाही. कन्सल्टन्सीवाले म्हणतात, "कॅनडाच्या कोर्टात केस टाकू, साडेतीन लाख द्या, जज व्हिसाची ऑर्डर काढतो." दीर म्हणतात, तिकडच्या सरकारवर केस केली तर नाव काळ्या यादीत जाईल. आणि मुलीच्या मैत्रिणीचा भाऊ सांगतो, "टुरिस्ट म्हणून जा, पोचल्यावर आश्रय माग, कोर्टकचेरीत चार-पाच वर्षं आरामात निघतात." मुलगी रात्र रात्र मोबाईलवर हेच वाचत बसलेली असते. आम्ही काय करावं?
— एक आई, सिंहगड रोड, पुणे

ताई, पहिलं काम म्हणजे साडेतीन लाख देऊ नका. कोर्टात जायचं की नाही हे आपण पुढे बघू, पण गेलात तरी त्या माणसाच्या हातून जायचं नाही. कॅनडाच्या फेडरल कोर्टात तुमच्या वतीने उभा राहू शकतो तो तिकडचा सनदधारक वकील. परवानाधारक इमिग्रेशन कन्सल्टंटलासुद्धा तिथे उभं राहता येत नाही, मग डेक्कनवरच्या ऑफिसातून व्हॉट्सअ‍ॅपवर 'गॅरंटी' देणाऱ्याची काय कथा! कोर्टाची दाखल फी ५० कॅनेडियन डॉलर आहे. वकिलाची फी अर्थातच वेगळी आणि चांगलीच जास्त असते, पण ती तुम्ही थेट वकिलाला द्यायची, त्याच्याशी लेखी करार करून. मध्ये कोणी नको.

आता त्या "जज व्हिसाची ऑर्डर काढतो" बद्दल. माझी निम्मी वकिली महसूल आणि नोकरीच्या रिटांमध्ये गेली, आणि अशिलाला समजावून सांगायला सगळ्यात जड जाणारी गोष्ट नेमकी हीच असते. सरकारी अधिकाऱ्याला कायद्याने जिथे स्वतःच्या विवेकाने निर्णय घ्यायचा अधिकार दिलेला असतो, तिथे कोर्ट त्याच्या खुर्चीत बसून नवा निर्णय घेत नाही. घेतलेला निर्णय कसा घेतला, एवढंच ते बघतं. विद्यापीठाच्या गुणपडताळणीसारखं आहे हे. उत्तर तपासायचं राहिलं का, बेरीज चुकली का, एवढं बघतात, तुमच्या उत्तराला किती मार्क मिळायला हवे होते हे कोणी नव्याने ठरवत नाही. फेडरल कोर्टात तुम्ही जिंकलात तरी साधारणपणे होतं ते इतकंच : नकार रद्द होतो आणि अर्ज दुसऱ्या अधिकाऱ्याकडे फेरविचाराला जातो. तो दुसरा अधिकारी नीट कारणं देऊन पुन्हा नाकारू शकतो. तसं घडतंही.

मग त्या कोर्टाचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो कशात आहे हे समजायला दोन निकाल पुरेत.

पहिला निकाल १९९९ चा, बेकर खटला. मेव्हिस बेकर या जमैकन बाई १९८१ मध्ये कॅनडात आल्या, घरकाम करून राहिल्या, चार मुलं तिथेच जन्मली. हद्दपारीचा हुकूम निघाल्यावर त्यांनी माणुसकीच्या आधारावर राहू देण्याचा अर्ज केला. तो नाकारणाऱ्या पत्रात एकही कारण नव्हतं. वकिलाने मागितल्यावर कनिष्ठ अधिकाऱ्याच्या अंतर्गत नोंदी मिळाल्या, आणि त्या नोंदी वाचून कोणालाही कळावं की लिहिणाऱ्याला या बाईबद्दल, तिच्या आजारपणाबद्दल, तिच्या मुलांच्या संख्येबद्दल राग होता. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नकार रद्द केला. एवढ्या मोठ्या परिणामाच्या निर्णयाला कारणं द्यावीच लागतात आणि अधिकारी मोकळ्या मनाचा असावाच लागतो, असं सांगितलं. तुमच्यासाठी यातला मुद्दा असा की नकारपत्र हा निर्णयाचा नुसता वरचा कागद आहे. खरा निर्णय अधिकाऱ्याच्या नोंदींमध्ये असतो. अलीकडे काही नकारपत्रांसोबतच त्या नोंदी येतात. तुमच्या मुलीच्या ऑनलाइन खात्यात त्या आल्यात का, हे आजच बघा. पत्राची पीडीएफ शेवटच्या पानापर्यंत खाली सरकवून बघायला सांगा, बरेच जण पहिलं पान वाचून रडायला बसतात. नसतील तर आपल्या माहितीच्या अधिकारासारख्या तिकडच्या कायद्याखाली त्या मागवता येतात. कोर्टात अर्ज दाखल झाला, तर कोर्टच त्या कार्यालयाकडून कारणं मागवून घेतं.

दुसरा निकाल डिसेंबर २०१९ चा, वाविलोव्ह. हा मुलगा टोरांटोत जन्मला, आणि आईवडील खोट्या नावांनी राहणारे रशियन हेर निघाले. २०१४ मध्ये रजिस्ट्रारने त्याचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र रद्द केलं. कथा सिनेमाची असली तरी निकाल मात्र रोजच्या वापराचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने मुलाच्या बाजूने कौल दिला आणि त्यानिमित्ताने सगळ्या सरकारी निर्णयांना लागू होणारी फूटपट्टी घालून दिली : निर्णय तर्काला धरून हवा, कारणं वाचून समजायला हवीत, आणि समोर असलेल्या कागदांशी व कायद्याशी त्यांचा मेळ बसायला हवा. आज स्टडी परमिटच्या नकाराची तपासणी होते ती याच फूटपट्टीने.

आपल्याकडे हे तत्त्व फार जुनं आहे. अंधेरीत सिनेमा थिएटर बांधायची परवानगी दिली आणि मग सरकारच्या सांगण्यावरून मागे घेतली, त्या गोरधनदास भानजी प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्येच मुंबईच्या पोलीस आयुक्तांना सुनावलं होतं की अधिकार तुमचा आहे तर निर्णयही तुम्हीच घ्यायला हवा. आणि लेखी हुकमाचा अर्थ हुकमाच्या शब्दांवरून लागतो, 'माझ्या मनात तेव्हा असं होतं' हे मागाहून सांगून नव्हे. कॅनडातही अधिकाऱ्याला नंतर प्रतिज्ञापत्र करून आपल्या नोंदींना ठिगळं लावता येत नाहीत.

पण हा नियम तुम्हालाही तेवढाच लागू आहे, ताई. अर्जदारालाही नंतर ठिगळ लावता येत नाही. अधिकाऱ्यासमोर जी फाइल होती तीच कोर्ट बघतं. नवा कागद, काही थोडे अपवाद सोडले तर, चालत नाही. म्हणून तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कोर्टाबद्दलचं नाही, खरेदीखताच्या झेरॉक्सबद्दलचं आहे.

ते खरेदीखत मराठीत असणार. त्याला इंग्रजी अनुवाद जोडला होता का? अनुवादकाचं प्रतिज्ञापत्र? तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे बहुधा नसावं. कॅनडाला इंग्रजी किंवा फ्रेंच नसलेला प्रत्येक कागद प्रमाणित अनुवादासह लागतो. अनुवादाशिवाय तुमचं खरेदीखत म्हणजे त्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने स्टॅम्प मारलेली, न वाचता येणारी पानं. आता त्याच्या बाजूने बँकेचं स्टेटमेंट बघा. वर्षभर पगार आणि वीजबिलं. मग एके दिवशी एक भली मोठी रक्कम जमा. पंधरा दिवसांत त्यातली बरोबर निम्मी भलत्याच माणसाच्या नावावर रवाना. तुम्हाला आणि मला तो दिरांचा हिस्सा आहे हे कळतं, कारण आपल्याला भोर माहीत आहे आणि भाऊबंदकी माहीत आहे. त्याला दिसतं ते असं की कोणीतरी दाखवण्यापुरते पैसे खात्यात ठेवले आणि परत नेले. असं भाड्याचं शिल्लक-दर्शन करणारे लोक आहेतच, आणि त्यांना तो रोज बघतो. हा संशय त्याने नोंदीत लिहिला असेल तर कोणताही जज त्याला अतार्किक म्हणणार नाही.

तेव्हा हे कागद जमवायला घ्या. खरेदीखताचा आणि इंडेक्स टूचा प्रमाणित अनुवाद. जमिनीवर दोघा भावांची नावं दाखवणारा विक्रीपूर्वीचा सातबारा, त्याचाही अनुवाद. दिरांचं एक साधं प्रतिज्ञापत्र, की अमुक रक्कम माझ्या हिश्श्याची होती आणि ती मला मिळाली. मुलीच्या वडिलांची आयकर विवरणपत्रं. आणि अर्ध्या पानाचं स्पष्टीकरण, ज्यात स्टेटमेंटवरची तारीख आणि खरेदीखतावरची तारीख शेजारी शेजारी ठेवलेली असेल. सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्याला फी आणि प्रवासखर्च सोडून वर्षाच्या राहण्याखाण्यासाठी २२,८९५ डॉलर दाखवावे लागतात, क्युबेक सोडून. हिस्सा देऊन उरलेल्या रकमेत हे बसतं ना, ते कन्सल्टंटला न विचारता स्वतः मांडून बघा.

दुसरं कारण उद्देशाचं, आणि इथे मात्र मुलीची बाजू बरी असू शकते. एम.कॉम. झालेली मुलगी डिप्लोमा करायला एवढा खर्च करून का निघाली, हा प्रश्न अधिकाऱ्याला पडणं स्वाभाविक आहे. तिने निवेदनात त्याचं उत्तर दिलं होतं का? चाकणच्या कंपनीचं पत्र, परत आल्यावर कोणतं काम मिळू शकतं, भारतातला असाच कोर्स का नको, यातलं काही लिहिलं होतं का? लिहिलेलं असताना अधिकाऱ्याने त्याचा उल्लेखही न करता 'अभ्यासक्रम आधीच्या शिक्षणाशी सुसंगत नाही' अशी ठरावीक ओळ ठोकली असेल, तर अशाच ओळींवरून फेडरल कोर्टाने कितीतरी नकार फिरवले आहेत. करिअर कसं घडवावं हे ठरवणं अधिकाऱ्याचं काम नाही, पण अर्जदाराने दिलेलं उत्तर वाचणं हे त्याचं कामच आहे. आणि निवेदन कन्सल्टन्सीने कॉपी-पेस्ट केलेलं असेल, 'जागतिक दर्जाचं शिक्षण आणि बहुसांस्कृतिक वातावरण' छापाचं, तर वाचूनही त्यात काही सापडणार नाही. ते निवेदन तुम्ही स्वतः वाचलंय का?

दोन कारणांपैकी एक जरी स्वतःच्या पायावर उभं राहिलं तरी बऱ्याचदा नकार टिकतो. म्हणून माझा कौल नव्या अर्जाकडे आहे. पैशाची बाजू दुरुस्त करण्यासारखी आहे आणि ती दुरुस्ती नव्या अर्जातच होते, कोर्टात होत नाही. मात्र नोंदी हातात आल्यावर सगळा भर उद्देशावर दिसला आणि पैशांबद्दल नुसतीच छापील ओळ असली, तर चित्र पालटतं. तेव्हा तिकडच्या एका वकिलाला ती फाइल दाखवून एका बैठकीची फी देणं वाजवी ठरेल.

त्यासाठी घड्याळ लक्षात ठेवा. कॅनडाबाहेर झालेल्या निर्णयाविरुद्ध कोर्टात जायला, निर्णय कळल्यापासून ६० दिवस मिळतात (कॅनडातच झालेल्या निर्णयाला १५). तुमचे तीन आठवडे गेले. खास कारण असेल तर मुदत वाढू शकते, पण 'कन्सल्टंट फोन उचलत नव्हता' या कारणावर भिस्त ठेवू नका. शिवाय थेट सुनावणी होत नाही, आधी कोर्टाची परवानगी लागते. ती नाकारली तर त्यावर अपील नाही. स्टडी परमिटच्या साध्या प्रकरणांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून फेडरल कोर्टाने एक सुटसुटीत मार्ग प्रायोगिक तत्त्वावर सुरू केला. दोन्ही बाजूंची तयारी असली तर परवानगी आणि निकाल एकाच वेळी, कागदांवरूनच, साधारण पाच महिन्यांत. तुमचं प्रकरण त्यात बसतं का, हे वकिलाला आवर्जून विचारा. हरलात तर सरकारचा खर्च सहसा तुमच्या अंगावर पडत नाही, आणि जिंकलात तर तुमचाही सहसा परत मिळत नाही. बरीच प्रकरणं तर सुनावणीआधीच मिटतात. सरकारी वकिलाला नोंदी लंगड्या दिसल्या की तो स्वतःच फेरविचार मान्य करतो. केस चालू असताना नवा अर्जही करता येतो, त्याला बंदी नाही.

दिरांना सांगा, कोर्टात गेल्याने कोणी काळ्या यादीत जात नाही. खटला सरकारवर असतो म्हणजे तिकडच्या मंत्र्याच्या नावाने असतो, आणि असे हजारो खटले दरवर्षी दाखल होतात. यादीत जाण्याचा रस्ता वेगळा आहे. पुढच्या फॉर्ममध्ये 'याआधी व्हिसा नाकारला गेला आहे का' या प्रश्नाला कोणाच्या तरी सांगण्यावरून 'नाही' लिहिलं, की तो खोटी माहिती दिल्याचा गुन्हा धरला जातो आणि पाच वर्षं दार बंद. कॅनडाच नव्हे, इतर देशही हा प्रश्न विचारतात. २०२३ मध्ये बनावट प्रवेशपत्रांचं प्रकरण गाजलं, तेव्हा पंजाबातले कितीतरी विद्यार्थी एजंटाने लावलेल्या कागदापायी हद्दपारीच्या दारात उभे राहिले. कागद एजंटाने लावला, पण सही अर्जदाराची होती. मुलीच्या अर्जाची पूर्ण प्रत आणि ऑनलाइन खात्याचा पासवर्ड आजच कन्सल्टन्सीकडून घ्या. 'आमच्याकडे सेफ आहे' असं म्हणाले तर जास्तच तातडीने घ्या.

राहिला मैत्रिणीचा भाऊ. त्याच्या सल्ल्यात एक अर्धसत्य आहे, म्हणून तो पटतो. आश्रय मागणाऱ्याला कॅनडात प्रत्यक्ष सुनावणी मिळते, तुमच्या मुलीला नुसतं पत्र मिळालं. हा फरक का? १९८५ पर्यंत आश्रयाचे दावेसुद्धा अर्जदाराला समोर न बोलावता, नोंदवलेल्या जबाबावरून निकाली निघत. सिंग खटल्यात काही शीख अर्जदारांनी याला आव्हान दिलं, आणि त्या वर्षी ४ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे आणि ज्याच्या खरेखोटेपणावर निकाल फिरणार आहे, त्याला समोर बसवून ऐकलं पाहिजे. पणाला काय लागलंय त्यावर कार्यपद्धती किती काटेकोर हवी हे ठरतं. परत गेलो तर मारले जाऊ, या भीतीसाठी ती सुनावणी आहे. धर्म, वंश, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट समाजगटाचं असणं यामुळे होणारा छळ सिद्ध करावा लागतो. सिंहगड रोडवरच्या फ्लॅटमध्ये राहणारी, चाकणला कंपनीच्या बसने जाणारी मुलगी तिथे शपथेवर काय सांगणार?

आणि व्यवहार बघा. दावा दाखल केला की पासपोर्ट साधारणपणे जमा होतो. सशर्त हद्दपारीचा आदेश त्याच वेळी निघतो. दावा पडला आणि वरचे मार्ग संपले की ३० दिवसांत निघावं लागतं, नाही निघालं तर रीतसर परवानगीशिवाय पुन्हा पाय ठेवता येत नाही. एकदा दावा फेटाळला गेला की पुढे कधी खरोखर वेळ आली तरी दुसरा दावा सहसा घेत नाहीत. शिवाय टुरिस्ट व्हिसाच्या अर्जात 'फिरून परत येईन' असं लिहून जायचं ते वेगळंच. हा मुलगा ज्यांची उदाहरणं देतोय ते पाच वर्षांनी कुठे आहेत, हे त्याला विचारा. शिव्या देऊ नका त्याला, फक्त विचारा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण पैसे भरण्याआधी बघाच. डिप्लोम्यानंतर तिथे काम करण्याचा परवाना मिळेल हे तुम्ही धरून चालला असाल. नोव्हेंबर २०२४ पासून कॉलेजांच्या बिगर-पदवी अभ्यासक्रमांना त्यासाठी ठरावीक विषयांचीच यादी लागू आहे, आणि मॅनेजमेंट-बिझनेसच्या बऱ्याच अभ्यासक्रमांना त्यात जागा नाही. मुलीचा कोर्स त्या यादीत आहे का, हे कॉलेजच्या जाहिरातीत नव्हे, कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर बघा, आणि कोर्सच्या कोडवरून बघा, नावावरून नको. नसेल, तर नव्या अर्जाचा हट्टच पुन्हा तपासावा लागेल, आणि ते बोलणं तुम्ही दोघी मुलीच्या वडिलांना सोबत घेऊन करा, कारण जमीन त्यांची गेली आहे. असेल, तर कॉलेजला लिहून प्रवेश पुढच्या सत्राला ढकलता येतो का आणि प्रांताचं पत्र (विद्यार्थ्यांच्या कोट्यात जागा असल्याचा तिथल्या प्रांत सरकारचा दाखला) नव्याने लागेल का, हे विचारून घ्या.

अनुवादाचं काम मात्र कशासाठीच थांबवू नका. नवा अर्ज केला तर ते लागणारच आहे, आणि कोर्टाने प्रकरण फेरविचाराला पाठवलं तर तिथेही नवे कागद सहसा देता येतात. अनुवादकाला आधीच बजावून ठेवा, की जमिनीचं क्षेत्रफळ हेक्टर-आरमध्ये आहे ते तसंच राहू दे, आणि दोघा भावांच्या नावांचं स्पेलिंग पासपोर्ट आणि पॅनकार्डाशी अक्षर न अक्षर जुळव.